धातूच्या जागी प्लास्टिक

जासई परिसरातून बंदराकडे लोहमार्ग जातो. अशा मार्गावरील कोणत्याही फलाटावरून खाली पाहिले, तर काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ दाबून धरणारी वाकडी पोलादी क्लिप दिसते. तिच्या टोकाखाली, रुळाच्या पायावर, एक लहानसा तुकडा असतो. त्यास लायनर म्हणतात. भारतीय रेल्वेवर तो काही ठिकाणी धातूचा, तर अनेक ठिकाणी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो. ज्या रुळावरून हजारो टनांची मालगाडी धावते, त्याच्या बंदोबस्तात प्लास्टिक कशाला, असे कोणीही विचारील.

कारण विजेचे आहे. सिग्नलसाठी दोन्ही रुळांतून सौम्य प्रवाह खेळविलेला असतो. गाडीची चाके त्या रुळांना जोडतात आणि मार्ग व्यापला गेल्याची वर्दी मिळते. हा प्रवाह क्लिपांतून झिरपता कामा नये. नायलॉन वीज अडविते. शिवाय मिठागरांवरच्या खाऱ्या वाऱ्याने ते गंजत नाही. आणि मुख्य म्हणजे या तुकड्याला वाकावयाचे नसते. खाली भक्कम आधार घेऊन नुसते चेपून राहावयाचे असते. प्लास्टिकला हे काम मानवते.

उलटपक्षी, धातूचा भाग मोडला की त्याच मापाचा प्लास्टिकचा करून बसवावा, ही लहान कारखान्यांतून अजूनही ऐकू येणारी समजूत घातक आहे. आपल्या जिल्ह्याला हा पदार्थ परका नाही. उरणला समुद्रातून येणाऱ्या वायूतील इथेन व प्रोपेन नळाने नागोठण्यास नेऊन त्यांपासून पॉलिएथिलीन करावे, या योजनेनेच तेथील कारखाना उभारला गेला. पण पदार्थ शेजारी तयार झाला म्हणून त्याचा स्वभाव आपोआप कळतो असे नाही.

पोलादाचे अणू जाळीत पक्के बसलेले असतात. प्लास्टिकमध्ये लांबच लांब साखळ्या उकडलेल्या शेवयांप्रमाणे एकमेकींत गुंतलेल्या असतात. अशी रास झटकन ओढली तर अडते, हळूहळू ओढत राहिले तर सरकते. प्लास्टिकची बहुतेक वैशिष्ट्ये या एका गोष्टीतून निघतात.

प्रथम ताठरपणा पाहू. पोलादाचा ताठरपणा साध्या नायलॉनच्या सुमारे शंभरपट आहे. पट्टी वाकण्यास किती विरोध करील, हे जाडीच्या घनावर अवलंबून असते. दुप्पट जाडीची पट्टी आठपट ताठ होते. यास्तव पोलादी पट्टीइतकी ताठ नायलॉनची पट्टी करावयाची तर ती सुमारे साडेचारपट जाड हवी. नायलॉनचे घनत्व १.१४ आणि पोलादाचे ७.८५, तेव्हा हिशेब केला तर एवढ्या खटाटोपात वजन वाचते ते जेमतेम एक तृतीयांश! शिवाय साच्यात जाड भाग सावकाश थिजतो, आकसतो व आत पोकळी राहते. म्हणून जाणता आराखडाकार भिंत पातळ ठेवून मागे उभ्या कण्या देतो. प्लास्टिकची खुर्ची उलटी करून पाहावी; बसकेखाली बहुधा त्या दिसतात.

दुसरी गोष्ट काळाची, आणि येथेच अधिक फसगत होते. पोलादी तुळईवर आज जो भार पेलला तो नेहमीच्या तापमानात दहा वर्षांनीही पेलला जातो. प्लास्टिक मात्र सततच्या भाराखाली संथपणे ताणत राहते. अभियंते यास ‘क्रीप’ म्हणतात. पाणीपुरवठ्याच्या काळ्या नळांसाठी ‘पीई १००’ नावाचे पॉलिएथिलीन वापरतात. प्रयोगशाळेत झटपट ओढले, तर ते दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटनहून अधिक ताण सोसते. पण २० अंश तापमानात ५० वर्षे टिकावयाचे तर हिशेबात धरावयाचे बळ १० न्यूटन, आणि सुरक्षिततेसाठी त्यातूनही कपात करून ८. नावातील १०० हा आकडा त्या १० वरूनच आला आहे. उन्हात तापलेल्या नळास एवढेही देता येत नाही. नळाचा काळा रंग काजळीचा असतो. ऊन साखळ्या तोडते, काजळी ते ऊन स्वतः गिळते.

उष्णतेने प्लास्टिक फुगतेही फार. सहा मीटर लांबीचा पीव्हीसीचा नळ ३० अंशांनी तापला की सुमारे १२ मिलिमीटर वाढतो. तेवढाच पोलादी नळ दोन मिलिमीटर. दोन्ही टोके भिंतीत गच्च चिणली तर नळ कमानीसारखा वाकतो किंवा सांध्यातून सुटतो. नायलॉनला आणखी एक खोड आहे. पाण्यात बुडून राहिले तर ‘नायलॉन ६’ आपल्या वजनाच्या सुमारे नऊ टक्के पाणी पिते, फुगते व मऊ पडते. होडीवरच्या कप्पीत नायलॉनचा बुश अगदी घट्ट मापाचा बसवला, तर तो पावसाळ्यात आसाला धरून बसेल. तेथे फट अधिक ठेवावी, नाही तर ॲसिटालसारखे फारच थोडे पाणी पिणारे प्लास्टिक घ्यावे.

सौर बंबाला मात्र साधा पीव्हीसीचा नळ मुळीच जोडू नये. तो ८० अंशांच्या आसपास मऊ होतो आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून त्याचे बळ ओसरू लागते. गरम पाण्यासाठी अधिक क्लोरीन असलेला, सीपीव्हीसीचा, नळ निराळा मिळतो.