कुलूपबंद घराचा विमा





आपल्या बालाघाटच्या जुन्या मराठी वस्तीतून संध्याकाळी फेरी मारली की एक गोष्ट हल्ली डोळ्यांत भरते. ओळीने चार घरे असली तर त्यातल्या एकाच्या दाराला हमखास कुलूप असते. मुले नागपूर, पुणे, बंगळूरला गेली, काही परदेशी स्थायिक झाली. आईवडील सहा महिने त्यांच्याकडे आणि सहा महिने इकडे. घर विकायचे मनात येत नाही, कारण ते आजोबांनी बांधलेले असते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आपली राजधानी राहिली नाही, तरीही ज्या मंडळींनी हे गाव सोडले नाही, त्यांची ही घरे आहेत. या घरांच्या विम्याविषयी या अंकात लिहावे असे आम्ही ठरवले. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तोंडी आधी ‘बीमा’ येतो आणि मग ‘विमा’. भाषेची चूकभूल पदरात घ्यावी, मात्र विषय लक्षपूर्वक वाचावा ही विनंती.

निमित्त आमच्याच गल्लीत घडले. शेजारचे एक निवृत्त गुरुजी आणि काकू लेकीच्या बाळंतपणासाठी श्रावणात पुण्याला गेले, ते दसऱ्यानंतर परतले. मधल्या काळात परसदाराचा कोयंडा उचकटून चोरांनी पितळी भांडी, शिवणयंत्र, टीव्ही आणि गॅसचे सिलिंडरही नेले. गुरुजी घाबरले नाहीत. अकरा वर्षे ते घराच्या विम्याचा हप्ता न चुकता भरत होते आणि त्यांच्या पॉलिसीत घरफोडीचे कलमही होते. कंपनीचा सर्व्हेअर आला. मनुष्य सभ्य होता. त्याने विचारले, “गुरुजी, घर किती दिवस बंद होते?” गुरुजींनी खरे तेच सांगितले. महिन्याभराने दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले. पॉलिसीच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात अट होती, की घर सलग सात किंवा अधिक दिवस-रात्र निर्जन राहिले आणि कंपनीची पूर्वसंमती घेतलेली नसली, तर घरफोडीचे संरक्षण लागू राहणार नाही. अकरा वर्षांत ते पान गुरुजींनी उलटले नव्हते, आणि ज्याने पॉलिसी विकली त्यानेही ते कधी दाखवले नव्हते. काकू म्हणाल्या, “घरात माणूस असतं तर चोर आला असता का? नसतं म्हणूनच विमा.” आम्हाला यावर उत्तर सुचले नाही.

पण उत्तर आहे, आणि ते समजून घेतले पाहिजे. विमा कंपनी हप्ता ठरवते तो माणसे राहत असलेल्या घराचा. राहत्या घरात वायर जळाल्याचा वास कोणाला तरी येतो, टाकी भरून वाहू लागली तर कोणी मोटर बंद करते, पावसाळ्यात पन्हाळीत पाने अडकली तर काठीने ढोसून काढतात. बंद घरात उंदीर वायर कुरतडतो, एक कौल सरकते आणि दोन महिने पाणी भिंतीत मुरत राहते. लहान बिघाड मोठा होईपर्यंत कोणालाच कळत नाही. म्हणून बंद घराचा धोका कंपन्या वेगळा मोजतात. अट गैर नाही. ती बारीक अक्षरात दडवून ठेवणे मात्र गैर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी कॅनडात विनिपेगला असते. मागे ती डिसेंबरात मुलाबाळांसह माहेरी आली होती आणि आम्हाला भेटायला शाळेत आली. बोलता बोलता तिने घड्याळ पाहिले आणि तिकडच्या शेजारणीला फोन लावला. “हीटर चालू आहे ना? आज आत जाऊन पाहिलंस ना?” रोज हाच फोन. आम्हाला नवल वाटले. तेव्हा तिने सांगितले, की तिकडे हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली सहज जातो. घर गरम ठेवणारी यंत्रणा बंद पडली तर नळातले पाणी गोठते. नववी-दहावीच्या मुलांना ठाऊक असेल, की बहुतेक पदार्थ थंड झाल्यावर आकसतात, पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. बंद नळीत त्या फुगण्याला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि नळी फुटते. बर्फ वितळला की पाणी वाहू लागते, आणि घरात कोणी नसेल तर लाकडी जमीन, भिंती, सामान सारे भिजून जाते.

म्हणून तिथल्या घरविम्यात साधारणपणे अशी अट असते, की हिवाळ्यात सलग चार दिवसांहून अधिक काळ बाहेर जाणार असाल तर कोणा जबाबदार माणसाने रोज आत जाऊन घर गरम असल्याची खात्री करावी, किंवा पाण्याचा मुख्य कॉक बंद करून नळ्या रिकाम्या कराव्यात. नाहीतर गोठण्याने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. तिकडे आणखी एक बारकावा पाळतात. सामान जागेवर आहे आणि माणसे परत येणार आहेत ते घर ‘बंद’, आणि परतण्याचा विचार न ठेवता सोडून गेलेले घर ‘रिकामे’. रिकामे घर तीस दिवसांपेक्षा जास्त राहिले तर नेहमीची पॉलिसी बहुधा लागूच राहत नाही, वेगळी आणि महाग परवानगी घ्यावी लागते. गावापासून दूर, जंगलात किंवा तळ्याकाठी घर असेल तर अग्निशमन केंद्र किती लांब आणि पाण्याचा हायड्रंट किती मीटरवर, यावरही हप्ता वाढतो.

आपल्याकडे नळ फुटण्याइतकी थंडी नाही. कान्हाच्या कुरणांवर जानेवारीच्या पहाटे दव गोठते, तेवढेच. पण बैहर, लांजीकडच्या आतल्या गावांत ज्यांची घरे आहेत त्यांनी आगीचा बंब पोहोचायला किती वेळ लागेल याचा विचार जरूर करावा.

आता आपल्या देशातल्या नियमांविषयी. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने घरविमा देणाऱ्या कंपन्यांना ती ठेवावीच लागते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, वणवा, पाण्याची टाकी किंवा नळी फुटणे हे सारे तिच्यात येते. मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना भूकंपाचे महत्त्व सांगायला नको. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाची असते, जमिनीच्या किमतीची नाही. इमारतीचा विमा काढला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. दागिने आणि मौल्यवान वस्तू त्यात धरत नाहीत, त्यांचे वेगळे कलम घ्यावे लागते. वाळवी, ओल, जुनेपणाने झालेली पडझड यांची भरपाई कोणीही देत नाही.

आणि चोरी? इथे पुष्कळांची फसगत होते. या पॉलिसीत चोरी येते ती फक्त आग, पूर अशा एखाद्या आपत्तीमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेली. नुसत्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि बऱ्याच कंपन्यांच्या त्या विम्यात गुरुजींना आडवी आलेली सात दिवसांची अट असते. दोन्हीकडे आकडा सातच, पण अर्थ अगदी निराळा.

तेव्हा गावाला जाण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवावे, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत घर बंद राहील. ईमेल चालतो. कागद दिला तर पोच घ्यावी. एजंटला तोंडी सांगणे हे सांगणे नव्हे. कंपनी थोडा जादा हप्ता मागेल किंवा एखादी अट घालेल, तेही लेखी घ्यावे. निघण्याआधी प्रत्येक खोलीचे आणि सामानाचे फोटो काढून मुलाकडे पाठवून ठेवावेत. मेन स्विच, गॅस आणि पाणी बंद करावे. किल्ली विश्वासाच्या मोठ्या माणसाकडे द्यावी. विद्यार्थ्यांना एकट्याने बंद घरात पाठवू नये. त्या माणसाने आठवड्यातून एकदोनदा आत जाऊन यावे आणि वहीत तारीख-वेळ लिहून सही करावी. मात्र अशा फेऱ्यांनी अट पाळली गेली असे आपणच गृहीत धरू नये, कंपनीला विचारून घ्यावे.

दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. उत्तर समाधानकारक नसेल किंवा महिनाभरात आलेच नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या मध्य प्रदेशासाठी त्यांचे कार्यालय भोपाळला आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. गुरुजींचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. पूर्वसंमतीची अट विकतेवेळी समजावून सांगितली नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. निकाल काय लागेल हे आज सांगता येत नाही.

विश्वस्त मंडळींना एक निवेदन. हे सारे घडल्यावर आम्ही शाळेच्या इमारतीची पॉलिसीही काढून वाचली. इमारत तीस दिवसांपेक्षा जास्त निर्जन राहिल्यास विमा थांबेल, असे कलम तिच्यातही आहे, आणि आपली उन्हाळ्याची सुटी तेवढी सहज होते. कार्यालय रोज दोन तास उघडते आणि चौकीदार आवारात राहतो, हे खरे. पण त्याची लेखी नोंद आजवर कुठेच नव्हती. यंदाच्या सुटीपासून कार्यालयात त्यासाठी वेगळे रजिस्टर ठेवले आहे, आणि चौकीदाराची उपस्थिती कंपनी ग्राह्य धरते का अशी विचारणा पत्राने केली आहे. उत्तर आले की पुढच्या सभेत ठेवू.

गुरुजी आणि काकू संक्रांतीनंतर पुन्हा पुण्याला गेले आहेत. या वेळी कंपनीला पत्र गेले, त्याची पोच आली, आणि किल्ली आमच्याकडे आहे. दर बुधवारी व रविवारी आम्ही जाऊन खिडक्या उघडतो, तुळशीला पाणी घालतो आणि वहीत सही करतो.

आपले,
प्राचार्य