दिवा लुकलुकतो तेव्हा गाडी काय करत असते?

छोटी गाडी घ्यायला गेलेलं कुटुंब हल्ली शोरूममध्ये आधी एअरबॅग मोजतं. सहा आहेत असं कळलं की सुरक्षिततेचा विषय संपतो आणि रंग कोणता घ्यायचा यावर चर्चा सुरू होते. माहितीपत्रकात तिथेच खाली कुठेतरी ‘ईएससी’ किंवा ‘ईएसपी’ असं लिहिलेलं असतं. होंडावाले त्यालाच व्हीएसए म्हणतात, टोयोटावाले व्हीएससी; काम एकच. एअरबॅगची गरज धडक बसल्यावर पडते. ही यंत्रणा असते ती धडकेपर्यंत वेळच येऊ नये म्हणून. पण तिच्याबद्दल पार्किंगमध्ये, गॅरेजात आणि नातेवाइकांच्या सल्ल्यांत जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं अर्धवट तरी असतं किंवा साफ उलटं तरी.

‘एबीएस आहे ना? मग तेच ते’

नव्हे. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलंय. एबीएसचं काम ब्रेक दाबल्यावर सुरू होतं. कितीही जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ द्यायचं नाही, म्हणजे तेवढ्यात स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवता येतो. ट्रॅक्शन कंट्रोलचं काम याच्या नेमकं उलट, ॲक्सिलरेटर दाबल्यावरचं. चाक जागच्या जागी गरगरायला लागलं की ते इंजिनाचा जोर कमी करतं किंवा त्या एका चाकाला ब्रेक लावतं. ईएससी या दोघांचीच हत्यारं वापरते, पण तिचं लक्ष गाडी कुठे चाललीय यावर असतं. तुमचा पाय ब्रेकवर असो, ॲक्सिलरेटरवर असो की दोन्हींवर नसो.

चाकांचा वेग सांगणारे चार सेन्सर एबीएसचे असतातच. त्यात आणखी तीन मापांची भर पडते: स्टिअरिंग किती वळवलंय, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय आणि ती आडवी किती ढकलली जातेय. स्टिअरिंगवरून चालकाला कुठे जायचंय ते कळतं, बाकीच्यांवरून गाडी खरोखर कुठे निघालीय ते. बॉश कंपनीच्या यंत्रणेत ही तुलना सेकंदाला २५ वेळा होते.

समजा, ताम्हिणी घाटात पावसात डावं वळण आहे. स्टिअरिंग डावीकडे वळवलंय, पण पुढची चाकं घसरतायत आणि गाडी नाकासमोर सरळ निघालीय. ईएससी अशा वेळी आतल्या बाजूचं मागचं चाक, म्हणजे डावं मागचं, क्षणभर धरते. त्या ओढीने गाडीचं नाक डावीकडे येतं. उलट प्रकार झाला, म्हणजे मागचा भाग निसटून बाहेर जायला लागला, तर ती बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक, उजवं पुढचं, धरते आणि गाडीचं फिरणं थांबवते. दोन्ही वेळा गरज असेल तर इंजिनाचा जोरही उतरवते.

‘मी तीस वर्षं गाडी चालवतोय, मला असलं काही लागत नाही’ म्हणणाऱ्या काकांसाठी उत्तर इथेच आहे. माणूस कितीही मुरलेला असला तरी त्याच्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच असतं. डावं मागचं चाक तेवढं धरायचं, हे त्याला मनात आणलं तरी करता येत नाही.

‘हे महागड्या गाड्यांचं काम, छोट्या गाडीला कशाला?’

या समजाला इतिहासानेच मोडीत काढलंय. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५मध्ये ही यंत्रणा पहिल्यांदा बाजारात आणली ती एस-क्लासमध्ये, म्हणजे खरोखरच श्रीमंतांच्या गाडीत. तिथेच ती बराच काळ राहिली असती. पण १९९७च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधल्या ‘टेक्निकेन्स वार्ल्ड’ या मासिकाने मर्सिडीजच्या नव्याकोऱ्या, आखूड आणि उंच बांध्याच्या ए-क्लासची चाचणी घेतली. स्वीडनच्या रस्त्यांवर ‘मूस’ नावाचं सांबरापेक्षाही थोराड जनावर अचानक आडवं येतं, म्हणून तिकडे गाडी झटकन एका बाजूला काढून पुन्हा आपल्या लेनमध्ये आणण्याची चाचणी करतात. ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. त्यात ए-क्लास चक्क उलटली.

बाजारात येऊन काही दिवस झालेली गाडी, आणि तीही मर्सिडीज! कंपनीने आधी टाळाटाळ करून पाहिली, मग गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवली, विकून झालेल्या गाड्यांतसुद्धा. ही यंत्रणा वरच्या वर्गातून खाली उतरली ती एका छोट्या गाडीच्या फजितीमुळे. यंत्रणेचे भाग मोठ्या संख्येने बनायला लागले आणि किंमत उतरत गेली. पुढे अमेरिकेने २०१२ सालच्या मॉडेलपासून ती सगळ्या हलक्या वाहनांना सक्तीची केली, आणि युरोपने नोव्हेंबर २०१४पासून प्रत्येक नव्या मोटारीला. सक्ती करताना अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने काढलेला अंदाज असा होता की, दुसरं वाहन मध्ये न येता एकट्या गाडीला होणारे अपघात मोटारींमध्ये ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हींमध्ये ५९ टक्क्यांनी कमी होतील.

आपल्याकडे सरसकट सक्तीऐवजी ताऱ्यांचा रस्ता आहे. ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या गाड्यांच्या सुरक्षा-मानांकनात तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी असावीच लागते. २०२४मध्ये मारुतीने ऑल्टो के१० आणि एस-प्रेसो या आपल्या स्वस्तातल्या गाड्यांच्या सगळ्या प्रकारांत ती दिली. त्यामुळे ‘टॉप मॉडेललाच मिळतं’ हेही आता जुनं झालं. जुनी गाडी घेताना मात्र त्या विशिष्ट प्रकारात ती होती का, हे पाहावं लागतं.

छोट्या गाडीला ती जास्त लागते असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण वजन. के१०सारख्या गाडीचं रिकामं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. तीत चार मोठी माणसं आणि गावाला जातानाच्या पिशव्या बसल्या की तीनशे किलो सहज वाढतात, म्हणजे जवळपास ४० टक्के. दोन टनांच्या गाडीला तेवढ्या ओझ्याचा फारसा पत्ता लागत नाही. इथे मात्र एकट्याने ऑफिसला नेतो ती गाडी आणि गणपतीला कोकणात नेतो ती गाडी, वळणावर दोन वेगळ्या गाड्यांसारखी वागतात. आणि टायर तेच, १४५ मिलिमीटर रुंदीचे.

‘ईएससी आहे, आता घाटात बिनधास्त’

हा सगळ्यांत धोकादायक गैरसमज, आणि तो यंत्रणा ऐकून माहीत असलेल्यांचाच असतो. ईएससी टायरची पकड वाढवत नाही. असलेली पकड कोणत्या चाकावर कशी खर्च करायची, एवढंच ती ठरवते. शिल्लकच संपली तर तिच्याही हातात काही नसतं.

थोडा हिशेब मांडू. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या, घाटात असतं तसं. कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरला तर गाडी त्या वळणात टिकण्याची कमाल मर्यादा ताशी सुमारे ७० किलोमीटर येते. ओल्या, गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर गुणांक ०.४ धरा: मर्यादा ५०. डंपरने सांडलेली माती भिजून चिखल झाला असेल आणि गुणांक ०.२वर आला असेल, तर जेमतेम ३५. या सूत्रात गाडीच्या किमतीला जागा नाही आणि ईएससीलाही नाही. पन्नासची मर्यादा असलेल्या वळणात बावन्नने शिरलात तर ती इंजिन आवरून, चाकं धरून वेग उतरवेल आणि तुम्हाला कदाचित कळणारही नाही. सत्तरने शिरलात तर गाडी बाहेर जाईल. फार तर गरगर न फिरता जाईल.

पहिल्या पावसाचे दिवस यात वेगळे धरायला हवेत. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, रबराची भुकटी आणि धूळ पहिल्या सरींनी भिजून वर येते, आणि दोन-चार जोरदार पावसांत वाहून जाईपर्यंत रस्ता साबणासारखा असतो. जुलैच्या धो-धो पावसापेक्षा जूनची ती रिमझिम वाईट.

साचलेल्या पाण्याचं आणखी वेगळं. वेग जास्त असेल आणि टायरच्या खाचा पाणी बाहेर टाकायला पुरत नसतील तर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. चाकाचा डांबराशी संबंधच तुटल्यावर ते धरून काय उपयोग? कायद्याने खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसाळ्यासाठी तेवढ्यावर विसंबून राहू नये. टायरला पैसे न घालता ‘गाडीत सगळं आहे’ म्हणणं हा निव्वळ कंजूषपणा.

ईएससी असली की ब्रेक लावल्यावर गाडी कमी अंतरात थांबते, हाही याच कुळातला समज. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. साठऐवजी ऐंशीने जात असाल तर ब्रेक लागल्यावरचं अंतर पावणेदोन पटींहून जास्त होतं. ते ईएससीने कमी होत नाही.

‘चिखलात रुतलो तर ट्रॅक्शन कंट्रोल काढेल’

कधी काढेल, कधी तेच अडवेल. साध्या डिफरन्शियलची खोड अशी की एक चाक निसरड्यावर असलं की सगळी ताकद त्या फिरणाऱ्या चाकाकडे वाया जाते आणि कोरड्यावरचं चाक ढिम्म राहतं. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर ताकद दुसऱ्या चाकाला मिळते. अर्धी गाडी डांबरावर आणि अर्धी ओल्या गवतावर असेल तर ते छान सोडवतं.

पण पुढची दोन्ही चाकं लाल मातीच्या चिखलात असतील तर दोन्ही गरगरतात. यंत्रणेला वाटतं, चालक जास्त जोर देतोय. ती इंजिन आवरते. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबताय आणि इंजिन मुळूमुळू रडतंय, असा तो अनुभव असतो. ‘गाडीत दम नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. अशा जागी चाकं थोडी फिरू देणंच बरं, म्हणून डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण दिलेलं असतं. ते दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं, गाडी पुढे-मागे झुलवत बाहेर काढायची आणि लगेच पुन्हा चालू करायचं. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की ते सहसा आपोआप चालू होतं. काही छोट्या गाड्यांत हे बटण नसतं. तिथे चाकाखाली दगड, फांद्या, पायपुसणी हाच मार्ग.

बटण ‘मायलेजसाठी’ कायम बंद ठेवणारेही भेटतात. यंत्रणा रोजच्या चालवण्यात नुसती बघत बसलेली असते. तिने खाल्लेलं पेट्रोल शोधून सापडणार नाही.

‘पिवळा दिवा लागला, गाडी बिघडली’

दिवा कसा लागलाय ते आधी बघा. तो लुकलुकत असेल तर यंत्रणा त्या क्षणी काम करतेय. सोबत पायाखाली थरथर आणि बॉनेटमधून घर्रघर्र आवाज येतो. तो ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या पंपाचा आणि झडपांचा. घाबरून काही करायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग धरायचं.

दिवा स्थिर पेटून राहिला तर एक तर कुणी बटण दाबून ठेवलंय, नाही तर बिघाड आहे. अशा वेळी साधे ब्रेक चालतात, पण ईएससी नाही. त्याच्या शेजारी एबीएसचाही दिवा असेल तर संशय पहिल्यांदा चाकाजवळच्या वेग-सेन्सरवर. तिथे चिखल बसतो, वायर तुटते, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली असेल तर उंदीरमामांनी वायर कुरतडलेली असते. बॅटरी काढून लावल्यावर दिवा लागला तर काही गाड्यांत स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवलं की तो जातो, कारण स्टिअरिंगच्या सेन्सरला आपलं शून्य पुन्हा सापडतं. दोन चाकांना वेगळ्या मापाचे टायर घालणं तर स्वतःहून यंत्रणेला फसवणं आहे. ती चाकांच्या फिरण्यावरून वेग काढते, आणि लहान टायर जास्त फेरे घेतो.

‘बाहेरून बसवून घेऊ’ हा पर्याय व्यवहारात नाही. प्रत्येक मॉडेलचं वजन, सस्पेन्शन, टायर धरून कारखान्यात तिची मापं ठरवलेली असतात.

सेकंडहँड गाडी घेताना एक गोष्ट अर्ध्या मिनिटात होते. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवा, किंवा स्टार्टचं बटण असेल तर क्लच-ब्रेकवर पाय न ठेवता ते दाबा. बाकीच्या दिव्यांबरोबर ईएससीचा दिवाही लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. विझलाच नाही तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून मागा. त्या गाडीत यंत्रणा असूनही दिवा मुळात लागलाच नाही, तर तो कुणीतरी मुद्दाम काढून ठेवला असण्याची शक्यता आहे. मग सौद्याचं बोलणं थांबवून गाडी आधी चांगल्या मेकॅनिकच्या स्कॅनरला लावा.