नाल्याचा उगम तिसऱ्या मजल्यावर

संपादकांचा फोन आला, "उपनगरांतल्या नाल्यांसाठी लोकांनी काय काय केलं, त्याचा आढावा घ्या. जरा आशादायक होऊ द्या." आशेचं बघू. पण या विषयावर माझ्याइतका पक्षपाती माणूस त्यांना शोधून सापडला नसता, हे आधीच सांगतो. मी घाटकोपर पूर्वेचा. गेली तीसेक वर्षं माझं पालुपद एकच आहे: नाला नाल्यात साफ होत नाही, तो इमारतीच्या जिन्यात साफ होतो. घरात मी हे वाक्य सुरू केलं की नातवंडं पुढचं पूर्ण करतात.

२६ जुलै २००५चा महापूर, सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस, त्यानंतरची चितळे समिती, पर्जन्य जलवाहिन्यांचा ब्रिमस्टोवॅड प्रकल्प, उदंचन केंद्रं हे सगळं वाचकांना पाठ आहे. त्यात पुन्हा बुडायला नको.

पश्चिमेकडून निघू. तिथल्या लोकांचं एक बरं आहे, त्यांच्याकडे नद्या आहेत. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी. तुळशी तलावाच्या सांडव्यातून निघालेली दहिसर नदी बोरिवलीच्या दौलतनगरपर्यंत येते तोवर तिचं नाव फक्त पुलाच्या पाटीवर उरतं, हे खरं. पण नाव उरतं. कधीकाळी या नदीकाठी सिनेमांची चित्रीकरणं होत, असं तिथले जुने लोक सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज बदलतो. त्या आठवणीच्या जोरावरच 'रिव्हर मार्च' उभा राहिला. बोरिवली-कांदिवलीची माणसं उगमापासून खाडीपर्यंत नदीकाठानं चालली, गोठ्यांचं शेण कुठे मिसळतं, सांडपाण्याचं कुठलं तोंड कुठे उघडतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. जलपुरुष राजेंद्रसिंह त्यांच्यासोबत आले. २०१८ मध्ये सोनू निगमच्या आवाजात नद्यांचं गाणंही निघालं आणि त्याच्या चित्रफितीत खुद्द मुख्यमंत्री झळकले. गाण्यावरून त्या वेळी जो गदारोळ झाला तो झाला. माझी तक्रार वेगळीच आहे. आमच्या मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या नाल्यांना गाणं कोण लावणार?

या चळवळीतल्या काही मित्रांचा आग्रह असतो की नाला म्हणू नका, नदी म्हणा, म्हणजे लोक जपतील. या मुद्द्यावर माझं आणि त्यांचं एकदा चहा गार होईस्तोवर वाजलं आहे. पूर्वेकडे आमच्या नाल्यांनी डोंगरातून निघायचं, मध्य रेल्वेच्या रुळांखालच्या मोरीतून वाकून जायचं, हमरस्ता ओलांडायचा, मिठागरं आणि तिवरांमधून ठाण्याच्या खाडीत शिरायचं, एवढाच प्रवास. नाल्याचं कुळ काढून त्याला नदीपद देण्याचा खटाटोप कशाला? जपायला खानदान लागत नाही. त्याच खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, २०२२ पासून ती पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. तिथे चिखलात चोच घालताना रोहित पाण्याची वंशावळ विचारत नाही.

अंधेरी-जुहूच्या इर्ला नाल्याबद्दल मात्र मी टोपी काढतो. वास्तुरचनाकार पी. के. दास आणि तिथल्या रहिवाशांनी नाल्याकडे पाठ फिरवलेल्या वस्तीला नाल्याकडे तोंड करायला लावलं. काठानं चालायला वाट, बसायला जागा, झाडं. त्या वेळी राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांच्या खासदार निधीतून सुरुवातीचं काम झालं. विचार साधा होता: ज्या नाल्याकाठी संध्याकाळी आजोबा बसतात, त्या नाल्यात रात्री डेब्रिजचा डंपर रिकामा करणं अवघड जातं. जुहूत जमलं ते सगळीकडे जमेल असं नाही, तिथल्या रहिवाशांचे फोन उचलले जातात. तरीही.

वर्सोव्याच्या अफरोज शाह यांचं काम जगाला माहीत आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये किनारा उपसायला लागले, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, पुढे ते मिठीकडे वळले. त्यांच्यातली मला आवडणारी गोष्ट पुरस्कार ही नव्हे. किनाऱ्यावरचा कचरा नाल्यांतून येतो हे उमगल्यावर ते वस्त्यांत शिरले, घराघरांत प्लास्टिकबद्दल बोलू लागले. म्हणजे समुद्रावरून उलटं चालत ते शेवटी आमच्या जिन्यापाशी आले. आम्ही जिन्यातच बसलो होतो.

आता जिन्याची गोष्ट. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये १९९६च्या सुमारास रहिवाशांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायला सुरुवात केली. ओल्याचं खत गल्लीतच, सुका कचरा वेचणाऱ्या बायांना, आणि कचराकुंडीला रजा. पुढे पालिकेनं तेच उचलून शहरभर नेलं आणि नाव दिलं प्रगत परिसर व्यवस्थापन. ते नाव कुणाच्याच तोंडी बसलं नाही, सगळे एएलएम म्हणतात. आम्ही शेजारच्या गल्लीतले चारपाच जण जोशी लेन बघायला गेलो ते खरं तर टिंगल करायला. परतताना कुणी बोलत नव्हतं. गल्लीला वास नव्हता.

आमच्याकडे पहारेकऱ्याच्या खोपटाशेजारी विटांचा खड्डा बांधला. पालापाचोळा, थोडं शेण, मग गांडुळं. पहिला महिना चिलटांनी हैराण केलं आणि अध्यक्षांनी मला सोसायटीच्या सभेत उभं करून विचारलं की ही पीडा कुणाची. त्याहून मोठी अडचण तिसऱ्या मजल्यावर होती. तिथल्या काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिशवी थेट हाऊसगल्लीत सोडत. दोन इमारतींच्या पाठींमधली ती चिंचोळी, अंधारी पट्टी ज्यांनी पाहिली नाही त्यांना मुंबईचा नाला कळणार नाही. नकाशावर नाल्याचा उगम डोंगरात दाखवतात. आमच्या नाल्याचा उगम तिसऱ्या मजल्यावर होता.

काकूंचं म्हणणं, "माझ्या सासूबाई इथूनच टाकायच्या. पालिकेचा माणूस नेतो की." वाद घालून उपयोग नव्हता. एका पावसाळी सकाळी गल्लीतल्या पोरांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीला शाळेची लाल रिबीन बांधली आणि काकूंच्या देखत हाऊसगल्लीच्या गटारात सोडली. मग पोरं छत्र्या घेऊन जाळीजाळीपाशी वाकत पुढे. जेवणाच्या आधी रेल्वेलगतच्या मोरीपाशी रिबीन दिसली, शहाळी, थर्माकोल आणि एका गादीच्या कापसात अडकलेली. दुपारी काकू स्वतः मोरीपर्यंत चालत आल्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बादली घेऊन खड्ड्याशी. वर्षभरात खड्ड्याच्या त्या मालकीणच झाल्या. लिंबाच्या साली टाकल्या म्हणून मला चारचौघांत बोलणी बसली, गांडुळांना आंबट चालत नाही.

हे सगळं नालेसफाईत मोजलं गेलं नाही, कारण न पडलेला कचरा वजनकाट्यावर चढत नाही. वॉर्ड ऑफिसात आम्ही सांगायला गेलो तेव्हा एका साहेबांनी प्रेमानं चहा पाजला आणि म्हणाले, "छान. पण हे घनकचऱ्यात येतं. नाला पर्जन्य जलवाहिन्या खात्यात." नाला आणि कचरा यांची भेट मोरीत होते, खात्यांत होत नाही. गाळ मात्र दरवर्षी मोजला जातो. ३१ मेची मुदत, पोकलेनचे फोटो, टनांचे आकडे. ते आकडे कसे तयार होतात यावर आम्ही म्हातारे वर्षानुवर्षं कट्ट्यावर विनोद करत होतो. मे २०२५ मध्ये मिठीच्या गाळउपशातल्या सुमारे ६५ कोटींच्या कथित घोटाळ्याबद्दल आर्थिक गुन्हे शाखेनं गुन्हा नोंदवला आणि विनोद संपले. ते प्रकरण न्यायालयात ठरेल.

झोपडवस्त्यांमधल्या दत्तक वस्ती योजनेबद्दल लिहायला हवं, पण तिच्यावर पुष्कळ लिहून झालंय. एवढंच म्हणतो, तिथली पोरं तुटपुंज्या मानधनावर गुडघाभर गटारात उतरत, आणि आमच्यासारखे पांढरपेशे त्यांना स्वयंसेवक म्हणून टाळ्या देत.

भिंतवाल्यांशी माझं भांडण जुनं आहे. २००५ नंतर त्यांनी एकच औषध आणलं: काँक्रीट. नद्यांना भिंती, नाल्यांना भिंती, जमलं तर तळालाही लादी. पाणी लवकर जातं म्हणतात. जातंच, पण उधाणाची भरती असली की खाडी दार लावून बसलेली असते. मग तेच पाणी भिंतींमध्ये फुगून मागे सरकतं आणि रस्त्यावरचं पाणी आत शिरायला वाट शोधत बाहेर ताटकळतं. शिवाय भिंत उभी राहिली की नाला दिसेनासा होतो, आणि जो दिसत नाही त्यात काहीही टाकता येतं. रविवारी सफाईला उतरणाऱ्यांशी माझं भांडण नाही, थोडा हेवा आहे. टीशर्ट, हातमोजे, दोन तास, नाश्ता. त्यांच्यापैकी शंभरात एखादा सोमवारी घरची बादली वेगळी करत असेल तर त्या एकासाठी बाकीच्या नव्व्याण्णवांचा नाश्ता मी करून देईन.

एएलएम एकेकाळी कागदावर सातशेच्या आसपास होत्या. त्यातल्या किती श्वास घेतात, हे त्यांच्या पाट्यांवरच्या गंजावरून ताडावं. ऑक्टोबर २०१७ पासून पालिकेनं मोठ्या सोसायट्यांना आपला ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. आमचंच म्हणणं वीस वर्षांनी सरकारी झालं. पण ते नोटीस बनून आलं आणि नोटिशीला सोसायटी यंत्र विकत घेऊन उत्तर देते. बरीचशी यंत्रं तळघरात आच्छादनाखाली झोपली आहेत. २०२२च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि नंतर कित्येक पावसाळे भांडायला नगरसेवकही नव्हता.

आमची गल्ली पुनर्विकासात गेली. खड्डा होता तिथे आता गाड्या एकावर एक टांगतात. काकूंना त्याच जागेवर अकराव्या मजल्यावर घर मिळालं, ज्याची नाल्याकडची काच उघडतच नाही. या गणपतीनंतर त्यांचा फोन आला. निर्माल्य बाल्कनीतच जिरवायचं ठरवलंय, मूठभर गांडुळं मिळतील का? माझ्याकडे कुठली उरायला. बोरिवलीच्या एका मित्राकडून, त्याच नदीवाल्याकडून, स्टीलच्या डब्यात ओल्या मातीसकट आणली. अंधेरीहून घाटकोपरची मेट्रो धरली. तपासणीच्या यंत्राशी पोरगेला रक्षक उभा होता. पडद्याकडे बघत म्हणाला, "काका, डब्यात काय?"

"गांडुळं," म्हटलं.

त्यानं डबा उघडायला लावला. आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही खातात काय?"

मागची रांग खोळंबली होती, पण मी त्याला लिंबाच्या सालीपासून सांगायला सुरुवात केली.