निनेट द व्हॅल्वा

आयर्लंडांतील विक्लो परगण्यांत १८९८ सालीं जन्मलेल्या ईड्रिस स्टॅनस ह्यांस जग निनेट द व्हॅल्वा ह्या नांवानें ओळखतें. १९२३ त त्या डायागिलेव्ह ह्यांच्या विख्यात रशियन नृत्यमंडळींत शिरल्या. पण नुसतें नाचण्यापेक्षां नृत्य बसविण्याकडे त्यांचा ओढा अधिक. कवि येट्स ह्यांच्या नाटकांसाठीं त्यांनीं डब्लिनांत नृत्यें रचिलीं, आणि १९३१ त अवघ्या सहा नर्तकींनिशीं लंडनांत स्वतःची मंडळी उभारिली.

त्याच वर्षींचें त्यांचें ‘ईयोब’ आम्हांस विशेष वाटतें. ब्लेक ह्यांच्या चित्रांवरून कल्पना, व्हॉन विल्यम्स ह्यांचें संगीत, आणि पायाच्या बोटांवर नाचण्याची नेहमींची कसरत मुळींच नाहीं! शास्त्रांतील दुःख नाचून दाखवावें काय, असें कोणी पुसेल. ईयोबाचे मित्र बोलूनच फसले, हें त्यानें ध्यानांत घ्यावें.

१९४० च्या मे महिन्यांत मंडळी हॉलंडांत असतां जर्मन सैन्य चालून आलें. देखावे, पोशाख, संगीताच्या वह्या, सर्व तेथेंच टाकून मंडळी मालवाहू बोटीनें निसटली. आणि लंडनास परततांच बाईंनीं पुनश्च खेळ सुरू केले. त्या मंडळीस १९५६ त राजसनद मिळाली; हल्लींची रॉयल बॅले ती हीच. बाई २००१ सालीं, वयाचीं १०२ वर्षें पुरीं करून, वारल्या.