गीतचित्रफितींतील स्त्रीप्रतिमा : स्वीकार आणि छेद

१

गीत ही केवळ शब्दसंहिता नसते. ते कोण गातो, कोणासमोर गातो आणि गाताना काय दिसते, यांवरही त्याचा अर्थ अवलंबून असतो. लावणीच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगावयास नको. रामजोशी, होनाजी बाळा आदी शाहिरांच्या कितीतरी लावण्यांत बोलणारी स्त्री असते, परंतु ती रचणारा पुरुष असतो आणि समोर बसलेला रसिकवर्गही मुख्यतः पुरुषांचाच असतो. ‘मी’ स्त्रीचा, परंतु त्या ‘मी’ला घडविणारी नजर पुरुषाची, अशी ही रचना आहे. हाच प्रश्न वेगळ्या माध्यमात पुन्हा कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात हिंदी गीतचित्रफितींतील तीन उदाहरणांचा विचार केला आहे.

गीतचित्रफीत, म्हणजे रूढ भाषेत म्युझिक व्हिडिओ, हा प्रकार अमेरिकेत १९८१ साली सुरू झालेल्या एमटीव्ही वाहिनीमुळे स्थिरावला. आपल्याकडे १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांचा प्रसार झाला आणि ‘इंडिपॉप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बिगरचित्रपट गीतांना या प्रकाराने चेहरा दिला. चित्रपटगीताला कथानकाची चौकट असते. गीतचित्रफितीला मात्र चार-पाच मिनिटांतच एक जग उभे करावे लागते. साहजिकच ती प्रेक्षकाला आधीपासून परिचित असलेल्या प्रतिमांचा आधार घेते. परंपरादत्त लिंगभूमिका तिच्यात सहजपणे शिरतात त्या यामुळेच. आणि त्या उलट्या केल्या तर तो बदल चटकन जाणवतो तोही यामुळेच.

२

या विवेचनासाठी दोन संकल्पना उपयुक्त ठरतात. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले, की रूढ चित्रपटात पुरुष हा पाहणारा आणि स्त्री ही पाहिली जाणारी असते. कॅमेऱ्याची नजर पुरुषपात्राच्या नजरेशी एकरूप होते. दुसरी संकल्पना समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांची. जाहिरातींतील छायाचित्रांचा अभ्यास करताना त्यांनी देहाच्या ठेवणीकडे लक्ष वेधले. पुरुषाचा हात वस्तू घट्ट धरतो, वापरतो. स्त्रीची बोटे वस्तूला नुसती स्पर्श करतात. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या अशा तपशिलांतूनच सत्तासंबंध ‘नैसर्गिक’ भासू लागतात.

३

पहिले उदाहरण अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ (१९९५) या गीताचे. संगीतकार बिड्डू, चित्रफितीचे दिग्दर्शक केन घोष. येथे नायिका राजकन्येच्या रूपात आहे. ती इच्छुक वरांना नाकारते आणि अखेरीस लाकडी पेटीतून प्रकट होणाऱ्या पुरुषाचा, मिलिंद सोमण यांनी साकारलेल्या, स्वीकार करते. मल्व्ही यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे नजरेची दिशा बदलली आहे. स्त्री पाहते, पुरुषाचा उघडा देह पाहिला जातो.

तथापि हा आकृतिबंध नवा नाही. तो स्वयंवराचा आहे. नरेंद्र आणि एकनाथ यांच्या रुक्मिणीस्वयंवरांचा वाचक येथे एक महत्त्वाचा भेद ओळखू शकेल. रुक्मिणी भावाने ठरविलेला वर नाकारते, स्वतः कृष्णाला पत्र धाडते. तिच्या निवडीत कुलाच्या इच्छेविरुद्ध जाण्याचे साहस आहे. ‘मेड इन इंडिया’तील राजकन्येला असा विरोध करावाच लागत नाही. तिची निवड राष्ट्राला मान्य असलेलीच निवड आहे. शिवाय वर ‘पेटी’तून येतो आणि गीताचे शीर्षक तर मालावरील शिक्क्याचे शब्द आहेत. उदारीकरणानंतरच्या त्या वर्षांत स्त्रीला मिळालेले हे निवडीचे स्वातंत्र्य बव्हंशी ग्राहकाचे स्वातंत्र्य आहे. भूमिकांची अदलाबदल झाली. पाहणे आणि पाहिले जाणे यांतील विषमता मात्र तशीच राहिली.

४

दुसरे उदाहरण ‘काँटा लगा’ या गीताच्या २००२ सालच्या पुनर्मिश्रित आवृत्तीचे. मूळ गीत ‘समाधी’ (१९७२) या चित्रपटातील, लता मंगेशकर यांनी गायिलेले. तीस वर्षांनी तेच शब्द नव्या आवाजात, नव्या तालात आणि नव्या दृश्यांसह आले. शब्दसंहिता कायम, पण स्थळ रात्रीच्या नृत्यक्लबचे आणि वेष व देहबोली पूर्णतः बदललेली. या चित्रफितीवर अश्लीलतेचा आरोप झाला. शेफाली जरीवाला यांनी साकारलेली तरुणी लाजत नाही, संकोचत नाही, आपली इच्छा लपवीत नाही. मर्यादाशील नायिकेच्या कल्पनेला येथे निश्चितच छेद जातो. परंतु कॅमेरा सतत तिच्या देहाचे तुकडे करून पाहतो. तिचा धीटपणाही पाहणाऱ्याच्या सुखासाठी मांडलेला राहतो. या चित्रफितीच्या दोन दिग्दर्शकांपैकी राधिका राव या स्त्री आहेत, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागेल. निर्माती स्त्री असली म्हणजे दृष्टी आपोआप स्त्रीची होते, असे मानता येत नाही. नजर ही व्यक्तीची असते त्याहून अधिक माध्यमाच्या संकेतांची असते.

५

तिसरे उदाहरण ‘मन के मंजीरे’ (२०००) या गीताचे. ‘ब्रेकथ्रू’ या मानवी हक्कविषयक संस्थेने स्त्रियांच्या स्वप्नांविषयीचा अल्बम म्हणून त्याची निर्मिती केली. गायिका शुभा मुद्गल, गीतकार प्रसून जोशी, संगीतकार शंतनू मोईत्रा. मीता वशिष्ठ यांनी साकारलेली नायिका छळाचा संसार सोडून ट्रकचालक होते. या कथेला एका स्त्रीच्या प्रत्यक्ष जीवनाचा आधार आहे.

येथे गॉफमन यांचे निरीक्षण उपयोगी पडते. नायिकेचे हात सजावटीचे नाहीत; ते चाकावर घट्ट रोवलेले आहेत. ती पाहते तो रस्ता, आणि तिच्यासोबत असतात त्या स्त्रिया. पुरुष प्रेक्षकाला उद्देशून केलेली प्रसाधनयुक्त मुद्रा येथे आढळत नाही. आपल्या परंपरेत याचे नाते लावणीपेक्षा जात्यावरच्या ओवीशी अधिक आहे. ओवीतही श्रम आणि गाणे एकत्र येतात, ऐकणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात आणि दुःखाची कबुली त्यांच्यापाशीच दिली जाते. फरक असा, की जाते घरात एका जागी फिरते. ट्रक उंबरठ्याबाहेर जातो. ओवीतील स्त्री दुःख सांगून हलकी होते, ही नायिका दुःखाचे ठिकाणच सोडते. येथेही गीतकार आणि संगीतकार पुरुष आहेत. म्हणजे पुरुषाने स्त्रीचा ‘मी’ रचणे हे नेहमीच तिच्या आवाजाचे अपहरण ठरते, असेही नाही.

अर्थात या चित्रफितीलाही मर्यादा आहेत. चार-पाच मिनिटांच्या मुक्तीत उपजीविका, मुलाबाळांची जबाबदारी, न्यायालयाची पायरी यांना स्थान मिळत नाही. रस्ता मोकळा दिसतो तितका तो प्रत्यक्षात नसतो.

६

या तिन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. भूमिका उलटणे आणि भूमिका बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या चित्रफितीत स्त्री पुरुषाच्या जागी बसते, दुसरीत ती बंधन झुगारते पण नजरेच्या चौकटीत राहते, तिसरीत ती चौकटच काही काळ बाजूला सारली जाते. स्त्री ‘धीट’ दाखविली की कृती स्त्रीवादी झाली, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो. कोण बोलते, कोणासाठी बोलते, तिचे हात काय करतात आणि शेवटी ती कोठे जाते, हे चार प्रश्न लावणीला विचारावेत तसे गीतचित्रफितीलाही विचारले पाहिजेत. आपल्या वर्गातील विद्यार्थिनी आणि विद्यार्थी पुस्तकांपेक्षा अशा चलत्‌प्रतिमांतूनच स्वतःच्या लिंगभूमिका अधिक प्रमाणात शिकत असतील, तर त्या प्रतिमा वाचावयास शिकविणे हे साहित्याच्या अध्यापनाचे अंग मानावे लागेल.