न मागितलेला हुकूम

मनुष्याने लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवणारा जो दुभाषी, त्यास कंपायलर म्हणतात. आणि हा दुभाषी पदरचे काहीच घालीत नाही अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती त्याच्या दप्तरी असलेल्या कायम हुकुमांपुढे, म्हणजे कोणी न मागताही लागू होणाऱ्या ‘डिफॉल्ट’ पर्यायांपुढे, टिकत नाही.

अशा एका हुकुमाची हकिकत सांगण्याजोगी आहे. हल्लेखोराने प्रोग्रामची उडी भलत्याच ठिकाणी वळवू नये म्हणून इंटेलने अशी तजवीज केली की, अप्रत्यक्ष उडी जेथे जेथे पडणे रास्त आहे तेथे ‘एंडबीआर’ नावाची चार बाइटांची खूण असावी, आणि खुणेवाचून अन्यत्र उडी पडताच प्रोसेसरने काम थांबवावे. 2018 च्या जीसीसी 8 या कंपायलरमध्ये ही खूण उमटवण्याचा पर्याय आला. 2019 च्या उबुंटू 19.10 या लिनक्स प्रणालीत तो सरसकट लागू झाला. ज्या प्रोसेसरांस ही योजना अवगत नाही त्यांनी खूण निरर्थक मानून पुढे जावे, अशी खुबी तीत होती, आणि बहुतेक प्रोसेसर तसे जातातही.

बहुतेक, सर्व नव्हे. 80386 या जुन्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बांधणाऱ्यास (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम लिहिणारी मंडळी आजही ते करतात) कंपायलर बजावतो की हा पर्याय या लक्ष्याशी, म्हणजे ज्यासाठी बांधणी चालली आहे त्या प्रोसेसरशी, जुळत नाही. आणि त्या गृहस्थाने तो मागितलेलाच नसतो! मग तो स्वहस्ते बंद करावा लागतो. माझ्या मते, अर्जदाराने स्वतः मागितलेली गोष्ट अशक्य असेल तर स्पष्ट नकार द्यावा. दप्तराने परस्पर लादलेली मात्र निमूटपणे मागे घ्यावी.

परंतु नकार तरी मिळतो, हे भाग्यच. कंपायलर लक्ष्याची पात्रता ‘सीमूव्ह’ या आज्ञेवरून जोखतो, आणि एएमडीच्या जिओड एलएक्सला सीमूव्ह येते, ती निरुपद्रवी खूण मात्र पचत नाही. म्हणून बांधणी बिनतक्रार पार पडते आणि प्रोग्राम चालू होताच ‘अवैध आज्ञा’ म्हणून कोसळतो. मुलांसाठी घडवलेल्या एक्सओ-1 या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपात हाच प्रोसेसर होता. हे लॅपटॉप मुलांच्या हाती देण्याच्या उपक्रमाचा भारतातील आरंभीचा प्रयोग 2007 साली कर्जतजवळच्या एका लहान गावच्या शाळेत झाला. जून 2023 मध्ये निघालेल्या डेबियन 12 या लिनक्स प्रणालीने 32-बिट प्रोसेसरांसाठी अशा लांब निरर्थक आज्ञेची अट लेखी घातली, आणि जिओड त्या यादीतून वगळला गेला.