निरोगी पानातली बुरशी

कांदळ या खारफुटीच्या झाडाचं ठणठणीत पान घ्या, अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटनं बाहेरून निर्जंतुक करा, तुकडे करून अगरवर ठेवा. काही दिवसांत कापलेल्या कडांतून बुरशीचे तंतू डोकावतात. बाहेरची बुरशी तर मेली. ही पानाच्या आतली. डाग नाही, रोग नाही, तरी मुक्काम पक्का!

कुमारेसन आणि सूर्यनारायणन या संशोधकांनी कांदळाची कोवळी, जून आणि पिकलेली पानं अशी तपासली. २००२ साली ते निष्कर्ष छापून आले. हवेतले बीजाणू पानावर पडत राहतात, त्यामुळे वय वाढतं तशी आत शिरलेली बुरशीही वाढते. मला त्यातली खरी गंमत पुढची वाटते. यातल्या कित्येक बुरश्या पेशीभित्तिका विरघळवणारी विकरं तयार करतात. म्हणजे पान चिखलात गळून पडतं तेव्हा कुजवणारे आधीच आत हजर असतात.